सहाणेवरची मुळी

सांगली
१६ जानेवारी २०२४

ती. आत्यास क्रांतीचा नमस्कार.

तिळाचे लाडू पोचले. आबांनी पहिला लाडू तोंडात घातला आणि म्हणाले, "माझ्या बहिणीनं लाडू पाठवलेत का धोंडे?" मग बत्त्याने फोडून फोडून सगळे संपवले. तेव्हा पुढच्या वर्षीही असेच कर.

आता कामाचं. फोन का केला नाही म्हणशील. मागच्या खेपेला मी हंबीरमामांच्या लघवीचा रंग विचारला, आणि तू टाकीजवळ उभी राहून, रेंज जाते म्हणून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "पिवळी हाय गं, पिवळी!" मामा त्यानंतर आठवडाभर पारावर गेले नाहीत म्हणे. म्हणून पत्र. शिवाय फोनपेक्षा तुला पत्रावर जास्त भरवसा आहे हे मला ठाऊक आहे.

दिवाळीआधी मामांचं डावं मूत्रपिंड काढलं, तेव्हा आपण सगळे म्हणालो, सुटलो एकदाचे. वर्षभर ज्याला आपण मुतखडा समजत होतो ती मूत्रनळीतली कॅन्सरची गाठ निघाली, एवढं तुला सर्जननी सांगितलंच आहे. त्या गाठीचा एक तुकडा आमच्या लॅबमधून पुण्याला तपासायला गेला होता. काल रिपोर्ट आला. वाचला आणि आज तुला लिहायला बसले.

सोपं करून सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, त्याला डीएनए म्हणतात. तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. जुनी पेशी नवी पेशी तयार करते तेव्हा तो सगळा उतरवून काढते. उतरवताना थोड्याफार चुका सगळ्यांच्याच होतात. पण काही विषं अशी असतात की ती एका ठरावीक अक्षराला जाऊन चिकटतात, आणि मग तिथे दर वेळी एकाच प्रकारची चूक होते. तंबाखूची चूक वेगळी, उन्हाची वेगळी. मामांच्या गाठीत 'ए'च्या जागी 'टी' असं शेकडो ठिकाणी झालंय. ही चूक तंबाखूची नव्हे. ही काही रानवेलींमध्ये असणाऱ्या एका आम्लाची आहे.

म्हणजे मामांच्या पोटात वर्षानुवर्षं रानातलं काहीतरी जातंय. ते काय, हे शोधायलाच हवं. आता त्यांच्याकडे एकच मूत्रपिंड उरलंय. तेही गेलं तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, आणि प्रत्येक वेळी तो घाट उतरून कराड गाठायचं. कसं करणार तुम्ही?

तर मामा काय खातात, काय पितात, काय चघळतात, सगळं लिही. काही म्हणजे काही सोडू नकोस.

तुझी क्रांती


वरची वाडी, कोयनानगर
२९ जानेवारी २०२४

चि. क्रांतीस आत्याचा आशीर्वाद.

लाडू कडक न्हवतं. तुझ्या बापाचं दात गेल्यात. सांग त्येला.

तुझं पत्र ह्यांना वाचून दावलं. हे म्हणले, "फौजेत एवढी वरसं काढली, गोळी लागली न्हाई, आन आता भाजीनं मरायचं व्हय?" मी म्हणलं, गप बसा, पोरगी शिकलेली हाय, काय सांगती ते ऐका. तर उठून म्हशीकडं गेलं.

मी बोलते तशीच लिहिते. हे फौजेत गेलं तवा मला अक्षर येत न्हवतं. ह्यांची पत्रं दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून शिकले. तवा शुद्धलेखन तपासत बसू नको.

आता तुझ्या मामांचं खाणं. नाचणीची भाकरी, आमटी, वरीचा भात. श्रावणात भारंगी, कुर्डू, टाकळा. अळू. कवातरी करवंदं, जांभळं. ही भाजी सारी वाडी खाती, मग सगळ्यांनाच गाठी व्हायला पायजेत का न्हाई? तंबाखू सोडली म्हणत्यात, पर कोपरीच्या खिशात वास येतो. त्येचं तू बघ.

औषधं म्हणशील तर दवाखान्याच्या गोळ्या सोडून काय न्हाई. फकस्त सकाळची सापसंद. पन ती काय औषध न्हवं, ती घरचीच हाय, गोठ्यामागं येल हाय तिचा. बरफात राहून ह्यांचं गुडघं गेलेलं. पेन्शनीत आल्यापास्नं मी रोज सकाळी सहाणेवर मुळी उगाळती आन कोमट पाण्यातनं वाटीभर देती. माझ्या सासूनं दावलेली मुळी. आज ह्यो माणूस दोन पायांवर चालतोय तो तिच्यामुळंच. ह्यात लिहिण्यासारखं काय न्हाई, पर तू काय सोडू नको म्हणलीस म्हणून लिहिलं.

परवा सकाळी जमीन जरा हादरली. फडताळातली दोन भांडी पडली, बाकी ठीक.

तुझी आत्या


सांगली
८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास नमस्कार.

ज्याच्यात लिहिण्यासारखं काही नाही म्हणालीस, तेच ते. सापसंद.

तुझं पत्र वाचल्यावर मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, पुस्तकात पाहिलं. शंका नाही. ज्या आम्लाची चूक मामांच्या गाठीत सापडली, ते ह्याच वेलीत असतं. मुळीत असतं, पानात असतं, बियांत असतं. पोटातून रक्तात जातं, मूत्रपिंडात उतरतं आणि तिथल्या पेशींमधल्या 'ए' अक्षराला चिकटून बसतं. वेलीने ते आपल्यासाठी केलेलं नाही. अळ्या-किड्यांनी खाऊ नये म्हणून तिने स्वतःची सोय केली आहे. आपण मध्ये कडमडलो.

ह्यात तुझी काही चूक नाही, हे आधी डोक्यात घे. युरोपात एका नदीच्या खोऱ्यात ह्याच जातीचं तण गव्हात उगवायचं. त्याचं बी पिठात दळलं जायचं. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडाच्या आजाराने मेली, आणि मोठमोठ्या डॉक्टरांना वाटत होतं की पाण्यात दोष असेल. एका दिवसात काही होत नाही म्हणून कुणाला संशयच येत नाही. आज घेतली, उद्या गुडघा हलका वाटला, की माणूस म्हणतो मुळी चांगली. आतलं नुकसान दिसायला दहा-वीस वर्षं जातात.

तेव्हा सापसंद बंद. आजपासून बंद. थोडीसुद्धा नाही, गुडघा कितीही दुखला तरी नाही. उगाळून, उकळून, दुधातून, कशानेही तिचं विष जात नाही. गोठ्यामागचा वेल मुळासकट काढून टाक. मला शब्द दे.

क्रांती


वरची वाडी
२२ फेब्रुवारी २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

तू लिहितीस माझी चूक न्हाई. मग कुणाची गं? हात तर माझाच हुता.

चुलीपुढं बसून लय रडले. ह्यांनी इचारलं तर म्हणलं धूर झालाय. सासूनं मुळी दावली ती चांगल्या मनानं, मी दिली ती चांगल्या मनानं, आन आता तू म्हणतीस मी ह्यांना इख पाजलं. तू तसं लिहिलं न्हाईस, पर अर्थ त्योच निघतो. एक गोष्ट सारखी मनात येती. आमचं सासरेबी मुतखड्यानं गेलं. निदान तवा समदी मुतखडाच म्हणली. त्येंनाबी सासू हीच मुळी द्यायची. आता कुणाला इचारू?

गोठ्यामागचा येल कुदळीनं खणून काढला. घरातल्या वाळक्या मुळ्या ओढ्याच्या पाण्यात टाकल्या. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की सापसंद ह्या घरात पुन्ना येणार न्हाई. हे म्हणले, "माझं डोकं कशाला, तुझ्या डोक्यावर घे की." थट्टाच सुचती ह्यांना.

गुडघं मात्र आतापास्नंच कुरकुरत्यात. शेकून देती. बघू.

आत्या


सांगली
५ मार्च २०२४

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि हायसंही वाटलं. तू एकदा शपथ घेतलीस म्हणजे संपलं.

इख पाजलं हा शब्द पुन्हा काढू नकोस. सासूबाईंनी दिलं, तू दिलंस, कुणालाच माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, एवढाच फरक.

मामांच्या रक्तातला क्रिएटिनिन नावाचा आकडा आपण बघत राहायचा. मूत्रपिंड गाळणीचं काम करतं. काम कमी झालं की हा आकडा चढतो. ऑपरेशननंतर तो एक पूर्णांक सहा होता. एका मूत्रपिंडाला एवढा चालतो. तो तिथेच राहिला की आपण जिंकलो. मे महिन्यात त्यांना इकडे पाठव, मी स्वतः तपासून घेईन. तू येऊ नकोस, म्हैस तेव्हा व्यायला होईल ना? मामांना शेजारच्या कृष्णातबरोबर पाठव.

क्रांती


सांगली
२४ मे २०२४

आत्या,

मामा आज येऊन गेले. तुझा शेजारी कृष्णात बरोबर होता. मामांना आमरस-पोळी खाऊ घातली, आबांशी गप्पा झाल्या, सगळं छान झालं. मग संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा दोन पूर्णांक चार.

मुळी बंद असताना तो एवढा चढायला नको. डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, हे अजून काही घेतात का? मी म्हणाले, नाही, बंद केलंय. मग मामांना विचारलं. मामा म्हणाले, "मला काय ठावं? सकाळी वाटीत असतं ते पितो. हुकूम तिचा."

म्हणजे वाटी अजून चालू आहे.

आत्या, मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. तुला मामांच्या गुडघ्यांची दया येते, मलाही येते. पण गुडघ्यासाठी तू त्यांचा जीव पणाला लावलास. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ तू अशी मोडशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला खरं काय ते लिही. फक्त खरं.

क्रांती


वरची वाडी
३ जून २०२४

क्रांती,

ह्या खेपेला आशीर्वाद न्हाई. आदी माझं ऐक, मग बघू.

मी शपथ मोडली म्हणतीस? कुणाला म्हणतीस? फेब्रुवारीपास्नं ह्या घरात सापसंदीचा कणबी आला न्हाई. येल खणताना माझ्या हाताला फोड आलं. ह्यांच्या जीवापरीस मला काय जास्त हाय? तुझ्या बापाला इचार, लहानपणापास्नं मी कवा खोटं बोलले का. शिकलीस म्हणून वाट्टेल ते लिहायचं?

वाटीत काय हुतं ते ऐक. ईश्वरी हुती. मार्चात ह्यांचं गुडघं असं धरलं की खाली बसलं की उठता येईना. मला बघवंना. पाटणच्या बाजारात मनुबाई म्हणून म्हातारी बसती मुळ्या घिऊन. तिला सरळ सांगितलं, बाई, आमाला सापसंद चालत न्हाई, पोरीनं बंद केलीया, गुडघ्याला दुसरं काय असंल तर दे. ती म्हणली, मग ही ईश्वरी घिऊन जा, ही देवाची मुळी, लेकराबाळालाबी चालती. म्हणून आणली. रोज उगाळून दिली. ह्यांचं गुडघं सुटलं. आता तू सांग, जिच्या नावातच ईश्वर हाय ती माणसाचं वाईट करंल का?

तू सापसंद बंद कर म्हणलीस. मी केली. ईश्वरीचं तू कुठं लिहिलं हुतंस? काढ तुझी पत्रं आन दाव मला.

आकडा चढला त्येचं कारण दुसरं असंल, ते तू शोध. माझ्यावर आळ घिऊ नको.

बनुबाई


सांगली
८ जून २०२४

ती. आत्यास क्रांतीचा साष्टांग नमस्कार.

कृष्णातला फोन करून सांगितलं की वाटी आत्ताच्या आत्ता बंद करायला लाव. त्याने तुला सांगितलं असेलच. का, ते आता लिहिते.

ईश्वरी आणि सापसंद एकच. एकाच वेलीची दोन नावं.

आमच्या लॅबमध्ये सगळ्या झाडांना लॅटिन नावं. मराठी नाव मला तुझ्या पत्रातून कळलं, तेवढंच मी धरलं आणि तेवढंच बंद करायला सांगितलं. काल रात्रीचं जेवण टाकून पुस्तक उघडलं. त्याच ओळीत, सापसंदच्या शेजारी, ईश्वरी छापलंय. फेब्रुवारीत मी ती ओळ अर्धीच वाचली होती. तुझी शपथ शाबूत आहे. चूक माझी, आणि वर तुझ्यावरच आळ घेतला. समोर असते तर तू कान पिळला असतास. आलीस की पीळ, मी काही म्हणणार नाही.

आता नाव विसर. नावावर जाऊच नकोस. वेल ओळख. पान लांबट, मधे जरा आत गेलेलं. फूल हिरवट, चिलमीसारखं वाकडं, तोंडाला जांभळट जीभ. फळ वाळलं की देठाकडून उकलतं आणि टांगलेल्या इवल्याशा शिंक्यासारखं दिसतं, दोऱ्यांसकट. लाल अंगाची काळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. असं दिसलं की ती वेल. तिला कुणी सापसंद म्हणो, ईश्वरी म्हणो, उद्या कुणी तिसरं नाव सांगो. मुळी, पान, बी, काही नको. आणि मनुबाईंनाही सांग, त्या लेकरांना देतात म्हणालीस तेही आजपासून थांबायला हवं.

मामांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी मूत्रपिंडाला चालेल असं मलम आणि व्यायाम लिहून दिलाय, कागद सोबत आहे. महिन्याने आकडा पुन्हा बघू. खाली यायचा नाही कदाचित, पण तिथे थांबला तरी पुष्कळ.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी क्रांती


वरची वाडी
१९ जून २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद. मागच्या पत्रातला राहिलेला आन ह्यो, असं दोन.

राग केला हुता, आता न्हाई. चूक कबूल करायला शिकलीस, तुझ्या बापाला ते अजून जमलं न्हाई.

तुझा कागद घिऊन पाटणला गेले. मनुबाईला समदं वाचून दावलं. तिला पटंना. म्हणली, माझ्या आज्यापास्नं आमी इकतोय. मग तिच्या घरामागच्या डगरीवर दोघी गेलो. येलावर गेल्या साली वाळलेलं एक फळ राहिलं हुतं, आगदी तू लिहिलंस तसं शिंकं. तिनं ते हातात घेतलं आन खालीच बसली. तिच्या नातीच्या गुटीत ती ही मुळी घालायची. मग टोपलीतल्या ईश्वरीच्या मुळ्या तिनं चुलीत घातल्या, आन म्हणली, नातीला कुठं तपासायचं ते तुमच्या पोरीला इचारा. तेवढं लिहून पाठव बाय. नात दीड वरसाची हाय.

खरं सांगू का, मला कळायला पायजे हुतं. वास त्योच हुता. चवबी तीच, आदी काय वाटत न्हाई आन मागनं जिभंवर कडू चढतं ते. पर मनात आलं, नाव न्यारं तर मुळी न्यारी. माणूस आपल्याला पायजे तेच बघतो बघ.

ह्यांचं बरं हाय. मलम चोळती. व्यायाम करताना कवायतीसारखं मोठ्यानं आकडं म्हणत्यात, म्हैस बुजती.

तुझी आत्या


सांगली
२५ जून २०२४

ती. आत्यास,

मनुबाईंच्या नातीला सांगलीला घेऊन या म्हणावं, लहान मुलांच्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय. थोड्या दिवसांची गुटी असेल तर घाबरण्यासारखं नसावं, पण तपासायला हवं.

दुसरं काही लिहीत नाही. एकच विचारते.

आत्या, चव तुला कशी माहीत?

क्रांती


वरची वाडी, कोयनानगर
९ जुलै २०२४

चि. क्रांतीस हंबीरमामांचा आशीर्वाद.

पत्र मी लिहितोय, कारण ती लिहीना. मला पत्र लिहिण्याची सवय नाही. फौजेत होतो तेव्हाही "मी खुशाल, तू खुशाल" एवढंच लिहायचो आणि तिची चार-चार पानं यायची. तेव्हा संभाळून घे.

तुझं पत्र आलं, पण ह्या खेपेला तिनं मोठ्यानं वाचलं नाही. नाचणीच्या डब्याखाली सरकवलं. मी इचारलं काय लिहिलंय, तर म्हणली, मनुबाईच्या नातीचं हाय. ती म्हशीकडं गेल्यावर मी काढून वाचलं. वाचून मला काय कळलं नाही. मग कळलं.

ती आल्यावर तिला समोर बसवलं. म्हणालो, खरं बोल, चव कशी ठावं? म्हणली, "चाखल्याबिगर नवऱ्याला कसं द्यायचं? पयला घोट माझा, मग तुमची वाटी." कवापासनं? "तुमी पेन्शनीत आलाय तवापासनं." आणि तळाला जो गाळ राहतो, जास्तीत जास्त मुळी त्यातच असती, तो वाया जाऊ नये म्हणून रोज तीच चाटून घ्यायची. मी वाटी खाली ठेवायचो आणि उठून जायचो. माझ्यामागं काय होतं ते मी कधी वळून बघितलं नाही.

मला लय राग आला. कुणाचा ते कळंना. ओरडलो. म्हणालो, एवढी पत्रं झाली, तू हे लिहिलं का नाहीस? ती म्हणली, "मला कुणी इचारलं? समदी तुमचंच इचारत हुती." आणि भाकऱ्या थापायला बसली.

पोरी, तुला दोष देत नाही. मी एका घरात राहून इचारलं नाही. वर्षभर तिचे पाय सुजतात. मी म्हणायचो, जास्त चालू नको. रात्री चार-चार वेळा उठती. मी म्हणायचो, दार जरा हळू लाव.

म्हैस कृष्णातच्या ताब्यात दिली आणि काल तुझ्या आत्याला कराडला नेलं. यायला तयार नव्हती. मी म्हणालो, हा हुकूम आहे. ती म्हणली, हुकूम ह्या घरात माझा चालतो. मग मी हात जोडले, तेव्हा आली.

तिचा आकडा तीन पूर्णांक सात आला. माझ्यापेक्षा वाईट. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली दिसली. लघवीत रक्ताचे कण सापडलेत, गाठ आहे का ते बघायला दुर्बीण घालावी लागेल म्हणाले. मी डॉक्टरला म्हणालो, माझं उरलेलं एक हिला बसवा. ते म्हणाले, तुमचंच कसंबसं चालतंय. त्यांनी सांगितलं ते सगळं ती शांतपणे ऐकत होती आणि मधेच त्यांना माझ्या गुडघ्याचं मलम संपलंय म्हणून सांगत होती.

गुरुवारच्या एसटीनं आम्ही सांगलीला येतोय. राहायच्या तयारीनं येतोय. तिच्यापासून काही लपवू नका. तिला सगळं खरं सांग, माझ्यादेखत सांग. डायलिसिस लागलं तर मी घाट उतरीन, रोज उतरीन. गुडघ्याचं मला सांगू नका.

एक गोष्ट आबांना सांगू नको, तुलाच लिहितो. कराडला केसपेपरच्या खिडकीवर बसलेल्या माणसानं इचारलं, पेशंट कोण? तिनं सवयीनं माझ्याकडं बोट दाखवलं. माझं नाव, वय, कुठल्या साली काय झालं, कुठली गोळी सोसत नाही, सगळं सांगायला सुरुवात केली. मी तिचा हात धरून खाली केला. म्हणालो, नाही साहेब, पेशंट ही आहे. त्यानं नवीन कागद घेतला. नाव इचारलं, मी सांगितलं, बनुबाई हंबीरराव सपकाळ. मग त्यानं वय इचारलं. काही आजार आहे का इचारलं. कुठलं औषध सोसत नाही इचारलं.

मला एकाचंही उत्तर येईना. मागं रांग खोळंबली होती. शेवटी तिनंच मला बाजूला सारलं आणि खिडकीत वाकून सांगितलं.

हंबीरराव